दोन्ही दिव्यांबाबत माझे शेवटचे म्हणणे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, पेशा मोटार चालवायला शिकवणे, आता निवृत्त, राहणार रस्त्याच्या बाजूच्या पहिल्या मजल्यावरील दोन खोल्या, पूर्ण शुद्धीवर राहून आणि स्वतःच्या हस्ताक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा कायद्याशी संबंध येत नाही असे वकीलबाई म्हणतात. डोळ्यांबद्दल पुढे लिहिले आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारे आयुष्यात पुष्कळ भेटले, पण त्यातले बहुतेक जण क्लच सोडताना डोळे मिटून घेणारे होते.

वकीलबाई या माझ्याच विद्यार्थिनी. गाडीभोवती फेरी न मारता थेट आत जाऊन बसल्या, म्हणून मी त्यांना लायसन्सच्या परीक्षेपासून दोनदा परत आणले होते. त्याचा राग त्यांनी या मसुद्यावर काढला आहे. समासात जिथे जिथे लाल शाईने 'अनावश्यक' असे लिहिलेले आढळेल, ते अक्षर त्यांचे. मजकूर माझा आहे आणि तो तसाच राहील.

कलम १. दहा वर्षांपूर्वी, बायको हयात असताना, मी एक मृत्युपत्र केले होते. ते याद्वारे रद्द समजावे. त्यात मी माझ्या मुलीला, जिला घरात सगळे थोरली म्हणतात, गाडीसोबत आलेले माहितीपुस्तक तेवढे ठेवले होते आणि त्यातले दिव्यांचे पान तिने मोठ्याने वाचावे अशी अट घातली होती. तेव्हा मला ते फार झणझणीत वाटले होते. तो कागद मी परवा फाडला. वकीलबाई म्हणाल्या, "फाडायची गरज नव्हती. रद्द लिहिलं की रद्द होतं." मी म्हटले, गरज मला होती.

कलम २. माझी ओळख पटावी म्हणून थोडे. चाळीस वर्षे मी या रस्त्यावर ड्रायव्हिंग स्कूल चालवले. एखादी गाडी वळण्याआधी इशारा देऊन वळली तर तो माझा विद्यार्थी समजावा, न देता वळली तर समोरच्या स्कूलचा. माझ्याकडे पहिला धडा स्टिअरिंगचा नसे, फेरीचा असे. बसण्याआधी गाडीभोवती पायी फिरायचे, चारही चाके बघायची, दिव्यांच्या काचा फडक्याने पुसायच्या, आत बसून दिवे लावायचे, पुन्हा खाली उतरायचे आणि पुढे जाऊन एकेका दिव्यासमोर तळहात धरून उजेड पडतो का ते बघायचे. भर दुपारीसुद्धा. लोक हसत. पण तेव्हा बल्ब कधी जाईल याचा नेम नसे, आणि एकाच दिव्याची मोटार समोरून येणाऱ्याला स्कूटर वाटते.

थोरली चार वर्षांची असल्यापासून ही फेरी माझ्याबरोबर मारत असे. मी आत बसून बटण फिरवायचो. ती पुढे उभी राहून हात धरायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे सांगायची, "उजवा. डावा. दोन्ही." 'दोन्ही' ऐकल्याशिवाय मी गाडी हलवत नसे. तिच्या शाळेला उशीर झाला तरी नाही. तिच्या आईचे मत असे की आम्ही दोघेही अर्धवट आहोत.

तीच मुलगी पुढे इंजिनिअर झाली, मोटारींचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात लागली आणि अंधार पडला की आपोआप लागणारे दिवे तयार करू लागली. तिने माझाच धंदा बसवायला घेतला आहे असे मी चारचौघांत म्हणत असे. घरी आलेल्या प्रत्येकाला तिच्या कारखान्याचे कॅलेंडरही दाखवत असे.

कलम ३. माझी मते. ही माझी सर्वात जुनी मिळकत असून ती मी माझ्या मुलाला, म्हणजे धाकट्याला, देत आहे, कारण त्याला त्यांची सर्वात जास्त गरज आहे. त्याच्या गाडीत किल्ली खिशात ठेवूनच इंजिन सुरू होते. परिणामी आठवड्यातून एकदा तो किल्ली घरभर शोधतो. मागचे दाखवणारा कॅमेरा आल्यापासून त्याची मान वळत नाही आणि मान वळावी म्हणून तो व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जातो. गाडी स्वतःच जागा बघून स्वतःच उभी राहते, तेव्हा तो हात मांडीवर ठेवून फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखा बसलेला असतो. पट्टा लावेपर्यंत गाडी टिंगटिंग करत राहते. माझ्या वेळी या कामाला बायको होती, आणि तिला निदान दुसरे विषयही होते.

"बाबा, माणूस चुकतो म्हणून मशीन असतं," धाकटा म्हणतो.

"आणि मशीन चुकलं की?"

"मग सर्व्हिस सेंटर."

इथे वकीलबाईंनी 'मते ही मिळकत होऊ शकत नाहीत' असा शेरा मारला आहे. त्यांना माझ्या मतांसाठी भांडताना कोणी पाहिलेले नाही, म्हणून त्या असे म्हणतात.

कलम ४. राहते घर, आतल्या सामानासह, धाकट्याला. बँकेत जे काही असेल तेही त्यालाच. त्याने आणि सूनबाईने मला सांभाळले आहे, आणि माझ्या बोलण्याला उलट उत्तर फक्त शेजारच्या खोलीत जाऊन दिले आहे. थोरलीने घरातला वाटा नको म्हणून आधीच सांगितले आहे. "मला घर आहे, बाबा," एवढेच म्हणाली. तिच्या आईच्या वस्तू तिला आईनेच दिल्या.

कलम ५. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना माझ्या खोलीतला जाड पडदा देण्यात यावा. त्यांच्या गाडीला अशी सोय आहे की मालक किल्ली घेऊन जवळून गेला की दिवे लागून त्याचे स्वागत करतात. सेक्रेटरी दिवसातून तीस वेळा जवळून जातात. कचरा टाकायला, वर्तमानपत्र घ्यायला, कोणाची गाडी वाकडी लागली आहे ते बघायला. प्रत्येक वेळी माझ्या छतावर उजेड पडतो. तक्रार केली तर म्हणाले, "सोय आहे ती, मास्तर. बंद कशी करतात ते मला तरी कुठं माहीत आहे." त्यांनी पडदा गाडीवर घालावा.

समोरच्या स्कूलवाल्याला माझ्या शिकवणीच्या जुन्या गाडीतला, माझ्या पायाखालचा जादा ब्रेक. त्याच्या पाटीवर 'एका आठवड्यात ड्रायव्हर' असे लिहिले आहे. ब्रेक तिथे बसवावा.

कलम ६. पान्हे, जॅक, टायरमध्ये हवा भरायचा पंप आणि दिवे पुसायची फडकी सूनबाईला. घरात पंक्चर झालेले चाक स्वतः बदललेली ती एकटीच आहे, आणि ते करताना तिने फोनवर व्हिडिओ बघितला नाही. माझी पक्कड मात्र तिला देऊ नये. पक्कड मी फेकून दिली आहे. कारण पुढे येईल.

तारा तपासायचा टेस्टर मी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या वायरमनला ठेवला होता. तीस वर्षे माझ्या गाड्यांची वायरिंग त्यानेच बघितली. पण वकीलबाईंनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. केली तर सही टिकते, पण त्याला मिळायचे ते जाते. वायरमन म्हणाला, "मग मी सहीच करतो, मास्तर. तुमचा टेस्टर तसाही लागत नाही." म्हणून टेस्टरही सूनबाईला. दुसरा साक्षीदार अजून मिळायचा आहे.

कलम ७. गाडी. करड्या रंगाची, चार दारांची. थोरलीने अकरा वर्षांपूर्वी मला आणून दिली. दिव्यांची यंत्रणा तिच्या हातची. समोरच्या काचेशी टिकलीएवढा काळा गोल आहे. बाहेरचा उजेड कमी झाला की तो दिव्यांना कळवतो आणि दिवे लागतात. गाडी दाखवताना ती म्हणाली, "बाबा, आता पुढे उभं राहायला माणूस नको. ही टिकली माझ्या जागी उभी आहे असं समजा."

मी म्हणालो, "टिकलीला तळहात कुठाय?"

सगळे हसले. ती हसली नाही, हे मला आता आठवते. तेव्हा माझे लक्ष हसणाऱ्यांकडे होते.

आता जे लिहितो ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. मला ती सोय आवडली. चारचौघांत नाक मुरडायचो आणि एकटा असलो की बटण ऑटोवर ठेवून मजेत चालवायचो. पुलाखाली शिरलो की दिवे लागायचे, बाहेर पडलो की विझायचे. मी तर एकदा त्या पुलाखालून नुसता दिवे बघायला तीनदा गेलो. असे दोन महिने गेले. मग एका संध्याकाळी घरी येऊन गाडी बंद केली आणि ध्यानात आले की कित्येक दिवसांत माझा हात दिव्यांच्या बटणाकडे गेलेलाच नाही. सदतीस वर्षांचे वळण दोन महिन्यांत पार पुसले गेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्याने लोकांना हात लावल्याशिवाय दिवा लागत नाही असे शिकवले, त्याचाच हात फुकट गेला होता. त्याच पावली मी स्टिअरिंगखालचे झाकण उघडले, पक्कडीने टिकलीची तार कापली आणि बटण 'बंद'वर आणून ठेवले. उद्यापासून हाताला पुन्हा वळण लागेल असे मला वाटले.

कलम ८. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी आणि बायको तिच्या चष्म्याची नवी फ्रेम घेऊन परत येत होतो. मला सगळे स्वच्छ दिसत होते. नेमक्या याच वेळेबद्दल मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोक्यात घालत आलो की दिवे आपल्याला दिसावे म्हणून लावायचे नसतात, आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून लावायचे असतात. बाजूच्या गल्लीतून टेम्पो आला. त्याला आमची करडी गाडी दिसली नाही. डाव्या दारावर, म्हणजे बायकोच्या बाजूला, त्याने धडक दिली. तिचा पाय मांडीत मोडला. पुढची सहा वर्षे, शेवटपर्यंत, ती काठी घेऊन चालली.

हॉस्पिटलमध्ये टेम्पोवाला हात जोडून सांगत होता, "तुमचे दिवेच लागलेले नव्हते हो, काका." धाकटा, पोलीस, वायरमन, शेजारचे दोघे, सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यातले तिघे माझे विद्यार्थी होते. माझ्या तोंडून निघून गेले, "थोरलीच्या त्या ऑटोमॅटिकने दगा दिला."

पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ते खोटे आहे हे मला माहीत होते. दहाव्यांदा म्हणालो तेव्हा मलाच ते खरे वाटू लागले.

थोरली कारखान्यातून थेट आली. वाटेत पोलीस चौकीच्या आवारात थांबून गाडी बघून आली होती. तिच्या बोटांना काळे लागले होते. कशाचे, ते मी विचारले नाही. आईच्या पलंगाच्या पायाशी उभी राहून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "यंत्रणेत दोष असणार. माझी चूक आहे, बाबा." आणि मी तिला तिथे माणसाच्या हाताचे महत्त्व समजावून सांगितले. बरीच मिनिटे सांगितले. नर्सने मला थांबवले.

पुढच्या महिन्यात तिने दिव्यांच्या विभागातून बदली मागून घेतली. तेव्हापासून ती गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या करते. मी लोकांना सांगत असे की बघा, पोरीला अक्कल आली, बिजागरी आपोआप काही करत नाही. ती आईला भेटायला येत राहिली. आई गेल्यावर दर रविवारी फोन येतो. औषध घेतले का, गुडघा कसा आहे, ठेवते. पाच मिनिटांच्या वर कधी गेला नाही.

बायको या विषयावर एकदाच बोलली. "तुमचा हात बटणाकडे गेलाच नाही. मी बघत होते."

मी म्हणालो, "तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत," असे म्हणून ती काठी टेकत आत गेली. चहा मात्र माझाही ठेवला.

कलम ९. गेल्या महिन्यात डोळे दाखवायला गेलो. डॉक्टरांची इमारत नवी आहे, गाडी तळघरात लावावी लागते. उतारावरून खाली गेलो, भिंतीसमोर गाडी उभी केली, तर भिंतीवर उजेडाचे दोन गोल. मला बरे वाटले. म्हटले, बघा, हात अजून जागा आहे, आपल्याही नकळत दिवे लावतो. बंद करायला बटणाकडे हात नेला, तर बटण 'बंद'वरच होते.

मी तिथे बराच वेळ बसून राहिलो. मागचा माणूस हॉर्न वाजवून कंटाळला आणि निघून गेला. अपघातानंतर मी रोज दिवेलागणीला स्वतःच्या हाताने दिवे लावतो, असे मी अकरा वर्षे समजत होतो आणि दुसऱ्यांना सांगत होतो. वर जाऊन डॉक्टरांसमोर बसलो. ते म्हणाले, आता संध्याकाळची गाडी बंद, मास्तर. मी लगेच हो म्हणालो. त्यांना वादाची अपेक्षा असावी, कारण त्यांनी पुन्हा एकदा तपासले.

कलम १०. तिथून रिक्षाने थेट वायरमनकडे गेलो. हे सगळे मी त्याच्यासमोर लिहीत आहे, चुकले तर त्याने सांगावे.

"तार कोणी जोडली?" मी विचारले.

"बसा आधी, मास्तर."

"कोणी जोडली?"

"मीच. थोरलीनं सांगितलं म्हणून." त्याने हात पुसले. "अपघातानंतर गाडी माझ्याकडे आली तेव्हा तीही आली होती. कापलेली तार तिनं चौकीतच बघितली होती. मला टोक दाखवलं. म्हणाली, काका, ही तुटलेली नाही, कापलेली आहे. बाबांच्या पक्कडीला एका बाजूनं धार नाही, तिचाच हा छाप आहे."

म्हणजे पलंगाच्या पायाशी उभी राहून ती बोलली तेव्हा तिला सगळे माहीत होते.

"मी तिला म्हटलं, मग सांगून टाक की सगळ्यांना," वायरमन म्हणाला. "तर म्हणाली, नको. आयुष्यभर लोकांना दिवे लावायला शिकवलं त्यांनी. त्यांनीच लावले नव्हते हे बाहेर गेलं तर ते घरातून बाहेर पडणार नाहीत. माझं काय, मी दुसऱ्या विभागात जाईन. आणि मग कागदावर काढून दिलं. बटण बंदवर असलं तरी अंधार पडला की दिवे लागतील अशी जोडणी. मला म्हणाली, त्यांना लावू देत हातानं. विसरले तर लागलेले असू देत. आणि सांगू नका."

"मी किती वेळा विसरलो?"

"ते मी कसं सांगणार? पण या हिवाळ्यात इथून जाताना चारपाच वेळा बघितलं. तुमचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि दिवे लागले. मी मान खाली घालून कामाला लागलो."

त्याच्याकडे तो कागद अजून आहे. ग्रीसचे डाग पडले आहेत. खाली थोरलीच्या अक्षरात तारीख आहे, हॉस्पिटलच्या त्या दिवसानंतर चौथ्या दिवसाची.

कलम ११. तेव्हा मोटारीत आपोआप लागणारे दिवे असावेत की नसावेत, यावर माझे शेवटचे म्हणणे. सोयीने माणसाचा हात बिघडतो, हे मी मागे घेत नाही. माझा बिघडला. पण बिघडलेला हात कबूल करायला जे लागते ते माझ्याकडे नव्हते, आणि तशी माणसे रस्त्यावर पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारच्या सीटवर कोणीतरी बसलेले असते. म्हणून असावेत. सेक्रेटरींच्या गाडीतले सोडून.

खालील गोष्टी मी शपथेवर लिहितो. थोरलीच्या यंत्रणेत कोणताही दोष नव्हता. तार मी कापली. दिवे मी लावले नाहीत. माझ्या बायकोचा पाय माझ्यामुळे मोडला. मी ते माझ्या मुलीवर ढकलले आणि तिने ते गुपचूप उचलले. मला याची लाज वाटते. या कलमाची एकेक प्रत धाकट्याला, थोरलीच्या कारखान्याच्या प्रमुखांना, त्या टेम्पोवाल्याला आणि हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी हजर असलेल्या माझ्या तिन्ही विद्यार्थ्यांना माझ्या पश्चात पाठवावी.

गाडी थोरलीला.

या कलमाच्या समासात वकीलबाईंनी 'अनावश्यक' असे लिहिलेले नाही. पेन्सिलने लिहिले आहे: 'पश्चात का? फोन आहे की तुमच्याकडे.'

पुरवणी. वरील मजकूर शुक्रवारी पूर्ण झाला. शनिवारी दिवसभर फोनच्या आसपास फिरलो. रविवारी तिचाच आला. औषध घेतले का, गुडघा कसा आहे. ती 'ठेवते' म्हणायच्या आत मी म्हणालो, "मृत्युपत्राच्या सहीला एक माणूस कमी पडतोय."

ती म्हणाली, "उद्या दुपारी येते."

ती आली. वायरमन आणि वकीलबाई आधीच येऊन बसले होते. मी कागद तिच्या हातात दिला आणि आतून पाणी आणतो म्हणून गेलो. परत आलो तेव्हा ती तिच्या आईच्या खुर्चीत बसून कलम आठ वाचत होती. मी उभाच राहिलो. गाडी शिकवताना विद्यार्थी चढावर अडकला की मी एक अक्षर बोलत नसे, तसा गप्प राहिलो. तिने शेवटपर्यंत वाचले. मग मागे जाऊन चहाचे वाक्य पुन्हा वाचले.

"थोरले, माझं चुकलं," मी म्हणालो. आणखी पुष्कळ बोलायचे ठरवले होते. तेवढेच आले.

तिने डोळे पुसले. "पेन कुठाय?"

"थांब," वकीलबाई म्हणाल्या. "गाडी तुला मिळतेय. साक्षीदार म्हणून सही केलीस तर ती हातची जाईल. दुसरं कोणीतरी बघू."

"जाऊ दे," थोरली म्हणाली. "हे अकरा वर्षं मला माहीत होतं. मग साक्ष दुसऱ्या कोणाची घ्यायची?"

वकीलबाई यावर मसुद्याची पाने पुन्हा चाळू लागल्या, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. मग मला सुचले. जे माझे नाही ते मृत्युपत्रात येत नाही. मी खुंटीवरून किल्ली काढली आणि थोरलीच्या हातात ठेवली. गाडी आजच, माझ्या हयातीत, तिला दिली आहे. कलम अकरामधले 'गाडी थोरलीला' हे शब्द खोडले आहेत आणि खोडल्याजागी माझी सही आहे. प्रती 'माझ्या पश्चात' पाठवायच्या होत्या, ते शब्दही खोडले आहेत. प्रती उद्या जातील. पोस्टात मी स्वतः टाकीन, रिक्षाने जाऊन.

सही करण्याआधी ती म्हणाली, "बाबा, खाली चला जरा."

आम्ही सगळे खाली गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. लख्ख ऊन होते. तिने गाडीभोवती फेरी मारली, चारही चाके बघितली, काचा पुसल्या आणि आत जाऊन बसली. मला कोणी काही सांगितले नाही. मी पुढे जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही दिव्यांसमोर तळहात धरले. गुडघे वाकवायला वेळ लागला, तोवर ती थांबली. टिकली उन्हात होती, ती काही करणार नव्हती. थोरलीने हाताने बटण फिरवले.

तेवढ्या उन्हात माझ्या डोळ्यांना दिवे लागले की नाही ते कळेना. मी हात तसेच धरून ठेवले. हळूहळू आधी एका तळव्याला ऊब लागली, मग दुसऱ्याला.

"उजवा," मी म्हणालो. "डावा."

ती काचेतून माझ्याकडे बघत होती. इंजिन सुरू होते, पण गाडी जागची हलली नाही. सेक्रेटरी कचरा टाकायला बाहेर आले होते, तेही थांबले.

"दोन्ही," मी म्हणालो.

मग तिने गाडी काढली आणि गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली.

हे सगळे मी वर येऊन लिहिले आणि तिघांसमोर वाचून दाखवले. सूनबाई स्वयंपाकघरातून ऐकत होती, तिला काही मिळत असल्याने ती सही करणार नाही.

ठिकाण: माझ्या घरातले जेवणाचे टेबल
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच, सोमवार, दुपारी पावणेपाच

सही: मास्तर

साक्षीदार पहिला: वायरमन, कोपऱ्यावरचे गॅरेज. कलम दहामधले माझे बोलणे बरोबर उतरवले आहे. फक्त मी चारपाच वेळा म्हणालो नव्हतो, सातआठ म्हणालो होतो.

साक्षीदार दुसरी: थोरली, मुलगी. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर, शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने सही केली. या मृत्युपत्राखाली मला काहीही मिळत नाही.